सायकल उभी कोठे करावी? : पुणे महानगरपालिकेच्या आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे यांस



आपल्या दफ्तरात रोज येऊन पडणाऱ्या अर्जांची आणि तक्रारींची संख्या ध्यानी घेता, त्यांत आणखी एकाची भर घालावी असे मला सहसा वाटले नसते. आणि वाटलेच असते, तर तो शिरस्त्याप्रमाणे आवक खिडकीवर देऊन, त्यावर शिक्का मारून घेऊन, उत्तराची वाट पाहत मी स्वस्थ बसलो असतो. परंतु ज्या विषयासंबंधी मला लिहावयाचे आहे तो माझ्या एकट्याचा नाही आणि आपल्या एकट्यांचाही नाही. या शहरातील कचेऱ्यांचे व्यवस्थापक, इमारतींचे मालक, गृहरचना संस्थांचे चिटणीस आणि रोज सकाळी स्वतःच्या पायांच्या बळावर कामाला जाणारे असंख्य स्त्रीपुरुष हे सारेच त्यात पक्षकार आहेत. म्हणून हे पत्र पाकिटात बंद न करता सर्वांदेखत लिहीत आहे.

विषय सायकलीचा आहे. हा शब्द दिसताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा रंगीत नकाशे, सल्लागारांचे अहवाल आणि २०१७ च्या डिसेंबरात आपल्या सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा उभा राहील, आणि हा गृहस्थ आता त्याच्या अंमलबजावणीचा जाब विचारणार असे आपण मनाशी धराल. तसा जाब विचारणारे अधिकारी नागरिक या शहरात पुष्कळ आहेत आणि ते आपले काम चोख करीत आहेत. मला बोलावयाचे आहे ते चालत्या सायकलीविषयी नव्हे, उभ्या सायकलीविषयी. कारण सायकलीवरून कामावर जाणाऱ्या माणसाचा जीव रस्त्यावर तास-पाऊण तास टांगलेला असतो हे खरे असले, तरी तो कचेरीत पोहोचल्यानंतरचे आठ-नऊ तास ती सायकल कोठे उभी असते यावरच तो उद्या पुन्हा सायकलीवर बसेल की नाही हे ठरते; आणि आजवरच्या साऱ्या आराखड्यांत जर एखाद्या गोष्टीची हेळसांड झाली असेल तर ती याच गोष्टीची.

मी ज्या सायकलीवरून कोथरूडहून येरवड्याला कामावर जातो ती महाग आहे. दीड लाखाच्या घरातली आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुण्यात ते लपून राहत नाही. सिग्नलला पाय टेकतो न टेकतो तोच शेजारचा स्कूटरस्वार ‘केवढ्याला पडली?’ असे विचारतो, आणि उत्तर ऐकून, ‘वर थोडे घातले असते तर बुलेट आली असती की!’ असा निवाडा देऊन हिरवा दिवा लागायच्या आत निघूनही जातो. त्या निवाड्यावर अपील करण्याची सोय नसते, म्हणून माझी बाजू येथे मांडतो.

हे शहर जोवर पेठांत आणि पेठांभोवतीच्या चार-दोन वसाहतींत सामावलेले होते, तोवर वीस-बावीस किलो वजनाची, काळी, बावीस इंची सायकल त्याच्या सर्व गरजा भागवीत होती. सदाशिव पेठेतून निघालेला कारकून घामाचा टिपूस येण्यापूर्वी आपल्या कचेरीच्या दारात उतरत असे. परंतु २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे हद्दीत घेऊन पाचशे चौरस किलोमीटरांच्या आसपास विस्तार पावलेल्या या नगरीत घर एका टोकाला आणि कचेरी दुसऱ्या टोकाला असणे हा अपवाद राहिला नसून नियम झाला आहे; आणि अकरा-बारा किलोमीटर जाऊन तितकेच परत येणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला वजनाने निम्मी असलेली सायकल, चढाला साथ देणारे गिअर आणि भर पावसातही न घसरता चाक धरणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ही चैन नसते, निकड असते. सकाळी कर्वे रस्त्याच्या उताराने नळ स्टॉप, डेक्कन, जंगली महाराज रस्ता, संगम पूल असे करीत मी बंडगार्डनच्या पुलावरून येरवड्यात शिरतो, तेव्हा त्या सायकलीचे मोल मला फारसे जाणवत नाही. ते जाणवते संध्याकाळी, वैशाखाच्या अखेरीस पश्चिमेचा वारा तोंडावर घेत पौड फाट्याकडचा चढ चढताना, दिवसभराच्या कामाने शिणलेले पाय एक गिअर उतरवताच पुन्हा लयीत फिरू लागतात तेव्हा. पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनॅमो असल्यामुळे दिव्याची चिंता नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आहेत, त्यांपैकी एकीत लॅपटॉप आणि डबा असतो, दुसरीत इस्त्रीचा सदरा. म्हणजे हे रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन, पिठले-भाकरी खाऊन, छायाचित्रे घेऊन परतण्याचे साधन नव्हे. ते माझे कामाचे वाहन आहे. दहा-पंधरा लाखांच्या मोटारीत एकटाच बसून त्याच रस्त्याने जाणाऱ्या गृहस्थाला सिग्नलवर कोणी किंमत विचारत नाही, आणि इमारतीशी पोहोचल्यावर त्याला जागेसाठी कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत, एवढाच काय तो आम्हा दोघांतील फरक.

महाग सायकल ही या शहराला नवी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कर्वेनगरातील श्री. विक्रम पेंडसे यांच्या सायकलींच्या संग्रहालयात एकवार डोकावून यावे. स्वातंत्र्यापूर्वी विलायतेहून येणारी रॅले किंवा हंबर ही पुष्कळ कारकुनांच्या महिन्याच्या पगारात मावत नसे; ती घ्यावी की न घ्यावी यावर घरात खल होई, ती दारात आली म्हणजे तिला हळदकुंकू वाहिले जाई आणि दसऱ्याला तिच्या हँडलला झेंडूची माळ पडे. पुढे मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने निघाले, सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली, आणि प्राध्यापक, वकील, महाविद्यालयीन मुली व खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे कामगार एकाच वाहनावरून जाऊ-येऊ लागले. त्या काळी नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि तो भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला देई. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेला दिसला तर पोलीस शिटी वाजवून अडवीत असे. आज या हकिकती ऐकताना तरुणांना हसू येते. परंतु ज्याच्यावर कर बसतो आणि ज्याला दंड होतो त्याचे अस्तित्व सरकारदरबारी मान्य झालेले असते, हे विसरता कामा नये. आणि ते मान्य झाले होते म्हणूनच मंडईत, रेल्वे स्टेशनवर, चित्रपटगृहांच्या आवारांत सायकल-स्टँड होते. तेथे बसलेला माणूस पत्र्याच्या दोन बिल्ल्यांपैकी एक हँडलला अडकवी आणि दुसरा आपल्या हाती देई, आणि त्या एका बिल्ल्याच्या भरवशावर रॅलेचा मालक आणि भाड्याची सायकल घेऊन आलेला विद्यार्थी सारख्याच निश्चिंत मनाने तीन तासांचा खेळ पाहत.

मग आकुर्डीची स्कूटर आली, लूना आली, घरटी एक आणि नंतर माणशी एक गाडी झाली. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येला मागे टाकून गेल्याची वार्ता आपणही वाचली असेल. या उलथापालथीत सायकलीवरचा कर गेला, बिल्ला गेला, शिटी गेली, याचे कोणाला दुःख झाले नाही. पण त्यांच्याबरोबर स्टँडही गेले, आणि रस्ते रुंद झाले तरी सायकलीला उभे राहायला जागा उरली नाही. आता पंधरा-वीस वर्षांनी सुस्थित मध्यमवर्ग पुन्हा सायकलीकडे वळू लागला आहे, सायकलींच्या दुकानांत लाख-दोन लाखांचे व्यवहार होऊ लागले आहेत, केंद्र सरकारनेही २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला आहे. माणसाला जेवायचे आमंत्रण द्यावे आणि पाट मात्र मांडू नये, तशी ही स्थिती आहे.

मी जेथे काम करतो त्या इमारतीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण या शहरात तिच्यासारख्या पुष्कळ आहेत: समोर काच, आत ग्रॅनाइट आणि खाली वाहनतळाचे दोन मजले. प्रथम सायकल घेऊन मी तेथे गेलो तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने हातातील कागद खालीवर पाहून अतिशय अदबीने सांगितले, ‘साहेब, फोरव्हीलर खालच्या बेसमेंटला, टूव्हीलर वरच्या. सायकलचं काही लिहिलेलं नाही.’

‘मग टूव्हीलरमध्ये लावतो. हिलाही दोनच चाकं आहेत.’

‘लावा की. पण स्टिकर लागतं. अन् स्टिकरला आरसी बुकाची झेरॉक्स लागती.’

सायकलीला नोंदणीपुस्तक नसते, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. पण कागदाला ठाऊक नव्हते. व्यवस्थापकांकडे अर्ज केला. त्यांनी तो इमारतीच्या देखभालीचे काम पाहणाऱ्यांकडे धाडला, त्यांनी मालकांकडे, आणि मालकांकडून असे उत्तर आले की वाहनतळातील प्रत्येक चौकोन कोणत्या ना कोणत्या भाडेकरूच्या नावे लागलेला असल्याने सायकलीसाठी वेगळी तजवीज करणे तूर्त शक्य नाही. शेवटी पहारेकऱ्यानेच वाट काढली. ‘मागच्या गेटला या साहेब. जनरेटरच्या खोलीच्या गजांना आमच्या असत्यात, तिथं तुमची लावा.’

जनरेटरच्या खोलीपाशी गेलो तर तेथे पाच-सहा सायकली एकमेकींना रेलून उभ्या होत्या: टपरीवरून चहा आणणाऱ्या पोराची, साफसफाईच्या बायकांपैकी एकीची, बागकाम करणाऱ्याची, आणि त्या पहारेकऱ्याची स्वतःची. त्याची सायकल जुनी, काळी होती. सीटवर पावसासाठी दुधाची पिशवी बांधलेली, निखळू पाहणारा चेनगार्ड दोन तारांनी आवळलेला, आणि मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात, बहुधा घरच्याच कोणीतरी, मुलीचे नाव रंगवलेले. तिच्या शेजारच्या गजाला मी माझी सायकल लावली. एकीची किंमत दीड लाख आणि दुसरी, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, जुन्या बाजारातून दोन हजारांना आणलेली. पण त्या इमारतीच्या कागदावर दोघींपैकी एकीचेही नाव नव्हते, आणि ज्याचे नाव कागदावर नाही त्याची जागा मागच्या फाटकाशी असते.

त्या पावसाळ्यात एके दिवशी पहारेकऱ्याची सायकल गेली. माझी राहिली, याचे श्रेय इमारतीला नव्हे. ते पोलादी यू-लॉकला, ज्याची किंमत त्याच्या संपूर्ण सायकलीहून अधिक होती. त्याच्या सायकलीला हातभर साखळी आणि पितळी कुलूप होते, ते कोणीतरी सहज कापले. तो जवळच्या चौकीवर गेला आणि एका अदखलपात्र नोंदीचा कागद घेऊन परत आला. त्यात चौकीवरच्या मंडळींचा दोष नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितांप्रमाणे पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची साधी चोरी हा अदखलपात्र अपराध ठरतो, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांना त्याचा तपास हाती घेता येत नाही. तीच माझी सायकल गेली असती तर रीतसर गुन्हा दाखल झाला असता, पंचनामा झाला असता, आसपासचे कॅमेरे पाहिले गेले असते, आणि विमा असल्यास मला भरपाईही मिळाली असती. क्षुल्लक चोऱ्यांत तुरुंग भरू नयेत या विवेकाने कायद्याने ही मर्यादा घातली असेल, आणि सर्वसाधारणपणे ती योग्यही असेल. पण दोन हजारांची सायकल गेल्याने त्या माणसाचे जे गेले ते दोन हजारांत मोजता येण्यासारखे नव्हते. पहाटेच्या पाळीला यायला बस नाही, म्हणून तो धानोरीहून चालत येऊ लागला. दुपारी सुटल्यावर एका बंगल्यातील बागेला पाणी घालण्याचे काम होते, ते वेळ साधेना म्हणून सुटले. माझी सायकल गेली असती तर माझे पैसे गेले असते, त्याची गेली तेव्हा त्याचे उत्पन्न गेले. आणि तरीही सुरक्षित स्टँडची मागणी कोणाच्या नावे होते, तर ‘महागड्या सायकली चोरीला जातात’ म्हणून माझ्यासारख्यांच्या नावे.

आयुक्तसाहेब, माझे म्हणणे सारे या एका गोष्टीत आहे. महाग सायकलीला लागते तेवढेच स्वस्त सायकलीला लागते. दोघींना छप्पर हवे, पक्का आधार हवा आणि येत्या-जात्या माणसाची नजर हवी. त्यापलीकडे माझ्या सायकलीची अशी कोणतीही गरज नाही जी मी स्वतः भागवू शकत नाही. म्हणून उद्या कोणी ‘उच्च प्रतीच्या सायकलींसाठी’ वातानुकूलित, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या, महिन्याला हजार रुपये भाड्याच्या कोठड्यांची योजना आपल्यापुढे मांडली, तर तिला मंजुरी देऊ नये अशी, त्या कोठड्यांचा पहिला गिऱ्हाईक होऊ शकणारा मीच, आपणांस विनंती करतो.

यासाठी लागणारी वस्तू अतिशय साधी आहे. आपल्याकडे शाळांत आणि कचेऱ्यांत आढळणारा स्टँड म्हणजे जमिनीलगत बसविलेली लोखंडी पट्ट्यांची चौकट, जिच्यात पुढचे चाक खुपसून ठेवायचे. त्यात सायकल कलली की जुन्या सायकलीचे स्पोक वाकतात आणि नव्या सायकलीची ब्रेकची तबकडी, आणि कुलूप लागते ते केवळ चाकाला, सांगाड्याला नव्हे, त्यामुळे चाक मागे ठेवून बाकीची सायकल नेण्याची सोय चोराला आयतीच होते. त्याऐवजी जाड पोलादी पाइप उलट्या यू-च्या आकारात वाकवून त्याचे दोन्ही पाय काँक्रीटमध्ये पक्के गाडले, की दोन्ही अंगांनी एकेक सायकल त्याला टेकून उभी राहते आणि सांगाडा व चाक एकाच कुलपात घेता येतात. असा पाइप वाकवायला परदेशी तंत्रज्ञ लागत नाही. नाना पेठेतला किंवा भोसरीतला कोणताही फॅब्रिकेटर तो दुपारपर्यंत करून देईल. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. आणि जागा मागच्या फाटकाशी नको, तळघरातही नको. पहारेकरी बसतो त्याच्या डोळ्यांसमोर, तळमजल्यावर, पुढच्या दाराशी हवी, कारण येणाजाणाऱ्यांच्या नजरेइतका स्वस्त बंदोबस्त दुसरा नाही.

रस्त्याविषयी न बोलण्याचे मी ठरविले होते, तरी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. पावसाळी गटारांवरच्या लोखंडी जाळ्यांचे गज जेथे रस्त्याच्या दिशेने धावतात, तेथे माझ्या सायकलीचे अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर त्या फटीत जाते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. पहारेकऱ्याचे जाड टायर एखादे वेळी वाचते. पण पावसाच्या पाण्याखाली झाकलेली तुटकी जाळी त्यालाही सोडत नाही. त्या जाळ्या काढून काटकोनात फिरवून बसवाव्यात, इतकेच. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या कनिष्ठ अभियंत्याने पावसाळापूर्व कामांच्या यादीत ही एक ओळ घातली, तर कित्येक हात-पाय वाचतील.

परदेशांचे दाखले देण्याचा मोह अशा पत्रांत फार होतो. मी तो थोडक्यात उरकतो. हॉलंडमधील उट्रेक्ट शहराने २०१९ साली आपल्या रेल्वे स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा वाहनतळ पूर्ण केला. इंग्लंडमध्ये १९९९ च्या वित्त कायद्याने कर्मचाऱ्याला कामावर येण्यासाठी सायकल देणाऱ्या मालकाला आणि ती घेणाऱ्या कर्मचाऱ्याला करात सवलत मिळाली, आणि जर्मनीने २०१२ साली कचेरीने दिलेल्या सायकलीला कचेरीने दिलेल्या मोटारीच्या पंगतीला बसविले. या तिन्ही ठिकाणी पुण्याहून अधिक थंडी पडते, आणि पाऊसही वर्षभर पडतो. तेव्हा ‘आपल्या हवेत जमणार नाही’ हा आक्षेप आपल्या डिसेंबरातल्या सकाळींपुढे तरी कोणी काढू नये. परंतु मला त्या देशांहून अधिक भरवसा वाटतो तो आपल्याच जुन्या पत्र्याच्या बिल्ल्याचा. जे या शहराने एकदा केले ते करायला त्याला कोणाकडून शिकावे लागू नये.

दुसरा आक्षेप असा येईल, आणि तो वाजवी आहे, की सायकलीवरून कामावर जाणारे आता उरलेच किती, त्यांच्यासाठी मोटारींच्या जागा कशाला काढायच्या? यावर माझे उत्तर असे की जे उरले आहेत ते दिसत नाहीत, कारण त्यांच्या सायकली मागच्या फाटकाशी उभ्या असतात. सकाळी सहाच्या सुमारास येरवड्याच्या किंवा हडपसरच्या कोणत्याही चौकात पाच मिनिटे थांबावे: वर्तमानपत्रे टाकणारी मुले, सोसायट्यांचे पहारेकरी, बांधकामावर निघालेले गवंडी, पाळी संपवून परतणारे कामगार डोळ्यांसमोरून जातात. त्यांनी कधी सायकलफेरी काढलेली नाही, त्यांच्या अंगावर प्रायोजकांची नावे छापलेले सदरे नसतात, आणि ३ जूनच्या जागतिक सायकल दिनाचे त्यांना कोणी आमंत्रण देत नाही. त्याच दिवशी, २०२० साली, साहिबाबादचा ॲटलास कंपनीचा शेवटचा कारखाना बंद पडला. ज्या सायकलीवर या देशातील श्रमिकांच्या दोन-तीन पिढ्या कामाला गेल्या तिचे उत्पादन थांबले, आणि आम्ही मात्र नव्या, महाग सायकलींच्या छायाचित्रांत सायकलीचा पुनर्जन्म पाहत राहिलो.

तिसरा आक्षेप खाजगी मालकीचा. इमारत खाजगी आहे, तिथे पालिकेने का पडावे? परंतु मोटारींसाठी किती जागा सोडावी हे सांगताना पालिका खाजगी मालकीपुढे संकोचत नाही. बांधकाम नियमावलीत त्यासाठी कोष्टकेच्या कोष्टके आहेत, आणि त्यांप्रमाणे जागा सोडल्याचे पाहिल्यावाचून भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. ज्या अधिकाराने आपण मोटारीला जागा मिळवून देता त्याच अधिकाराने सायकलीला मिळवून द्यावी, एवढेच मागणे आहे.

तेव्हा माझी दरखास्त अशी. पहिली गोष्ट, नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी पुढच्या दाराशी, छपराखाली, सांगाड्याला कुलूप लावता येईल असे स्टँड प्रत्यक्ष उभे आहेत की नाहीत हे आपल्या अभियंत्यांनी जागेवर जाऊन पाहावे, आणि ते इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कंपनीचा संचालक असो वा कंत्राटदाराचा सफाई कामगार, विनामूल्य खुले राहतील अशी अट प्रमाणपत्रातच घालावी. दुसरी, हे काम पालिकेने स्वतःच्या घरापासून सुरू करावे: मुख्य इमारत, क्षेत्रीय कार्यालये, दवाखाने, शाळा, मंडई आणि बालगंधर्वसारखी नाट्यगृहे येथे असे स्टँड वर्षाच्या आत उभे राहावेत, आणि मेट्रोच्या स्थानकांपाशीही ते व्हावेत म्हणून संबंधित महामंडळाशी बोलणे करावे. तिसरी, गर्दीच्या ठिकाणी बिल्ल्याचे जुने स्टँड पुन्हा चालू करून ते महिला बचत गटांकडे सोपवावेत. दर दिवसाला दोन-पाच रुपयांच्या वर नसावा आणि सायकलीच्या किमतीप्रमाणे तो बदलू नये. चौथी, त्या स्टँडवर येणाऱ्या सायकलीच्या पेडलखालच्या भागावर कोरलेला क्रमांक वहीत नोंदवून मालकाला त्याची पावती द्यावी. दोन हजारांच्या सायकलीला याखेरीज दुसरा दस्तऐवज नसतो, आणि ती सापडली तर ती आपली आहे हे सिद्ध करायला मालकापाशी आज काहीही नसते. पाचवी, जाळ्यांची, ती वर आलीच आहे.

आपण स्वतः एक दिवस सायकलीवरून कचेरीत यावे, अशी सूचना अशा पत्रांच्या अखेरीस करण्याचा प्रघात आहे. मी ती करीत नाही. आपण आलात तर आपली सायकल धरायला दारात चार माणसे धावतील, आणि जो प्रश्न मी विचारीत आहे तो आपल्याला पडणारच नाही. त्याऐवजी आपण मोटारीतूनच या, परंतु शहरातील कोणत्याही मोठ्या इमारतीशी उतरल्यावर पुढच्या दाराने आत न शिरता वळसा घालून मागच्या फाटकाशी जा, आणि तेथे जनरेटरच्या खोलीच्या गजांना काय काय बांधलेले आहे ते पाहा.

माझ्यासारख्या सायकलस्वारांनाही याच पत्रातून एक सांगणे आहे. आपल्यापाशी व्यवस्थापकांना पत्र लिहिण्याइतकी भाषा आहे, सभेत बोलण्याइतका वेळ आहे आणि ऐकून घेतले जाईल इतकी प्रतिष्ठा आहे. ती आपल्या सायकलीच्या किमतीमुळे मिळाली असेल तर तिचा उपयोग त्या किमतीपलीकडे झाला पाहिजे. स्टँड मागताना आपण तो पहारेकऱ्याच्या सायकलीच्या मापाने मागावा. त्याची सायकल जेथे निर्धास्त उभी राहील तेथे आपली राहीलच. आपल्यासाठी वेगळी कोठडी मिळाली तर त्याची मात्र आहे तेथेच राहील, आणि ज्या वाहनाचे स्वार असे दोन जातींत विभागले गेले त्याच्यासाठी कोणतीही महानगरपालिका रस्ता बांधीत नाही.

या दरखास्तीवर काय हुकूम झाला ते याच प्रकारे, जाहीरपणे कळविल्यास आभारी होईन. तोवर मी येतो-जातो आहेच.



आपला,
कोथरूडचा एक करदाता सायकलस्वार